जीप चढावर कटकटते? आधी ‘केव्हा’ ते बघा

गेल्या मे महिन्यात आमच्या पडवीत एकच वाक्य मी निदान पंधरा वेळा ऐकलं असेल. “मामा, परत कटकटतेय!”

भाचा आठवीत आहे. मुंबईहून रत्नागिरीला सुट्टीला आला की एक पिशवी कपड्यांची आणि दोन पिशव्या लेगोच्या. गेल्या वर्षी आम्ही दोघांनी लेगो टेक्निकच्या, म्हणजे गिअर, दांड्या, मोटरवाल्या लेगोच्या, सुट्या भागांतून जीप बांधली. खोक्यावरचं चित्र बघून नाही, शेजारच्या आंबेवाल्या काकांची जुनी बिनछपराची जीप बघून. चारही चाकांना ताकद, पुढे-मागे सॉलिड अ‍ॅक्सल, डिफरन्शियल (वळताना दोन बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) कुठेच नाही, पळवायला एक एक्सएल मोटर, स्टिअरिंगला एम मोटर, सीटखाली सहा सेलचा डबा. वजन १ किलो ३०० ग्रॅम. हे अगदी खरं, कारण दुकानात तांब्याची तार तोलायच्या काट्यावर केलंय. माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, म्हणजे पंप, मिक्सर, पंखे.

लक्षण असं होतं. सपाटीवर जीप लोण्यासारखी पळायची. पायरीला फळी टेकवून चढाला लावली की अर्ध्यावर जाऊन मागून कट् कट् कट्. चाकं उभी, मोटर फिरतेय. मागचा छोटा बेव्हल गिअर (काटकोनात फेरा वळवणारा तिरक्या दात्यांचा) बदलला की आठ दिवस बरं चालायचं आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. तीनदा बदलला. तिसऱ्यांदा काढलेला गिअर नव्याच्या शेजारी ठेवला तर जुना कोणता तेच ओळखू येईना. दाते सगळे शाबूत!

खरं तर तिथेच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. एखाद्या पंपाचं बेअरिंग दर दोन महिन्यांनी जायला लागलं की मी गिऱ्हाइकाला ऐकवतो, “बेअरिंगला शिव्या घालू नका, शाफ्ट बघा.” घरच्या जीपला मात्र मी स्वतःच बेअरिंग बदलत बसलो होतो.

शेवटी भाचा जीप काखेत मारून नाक्यावरच्या गॅरेजात गेला. तिथले काका हसतील असं मला वाटलं होतं. हसले नाहीत. हात पुसले, जीप उलटी धरली आणि विचारलं, “वाजतं केव्हा?”

“मागे, डाव्या बाजूला,” भाचा म्हणाला.

“कुठं ते नाय विचारलं. केव्हा?”

मग त्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक जीपच्या मागच्या अ‍ॅक्सलला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि भाच्याला चाक अडवून मोटर चालू करायला सांगितलं. खऱ्या इंजिनाला लावतात तसंच. दोन मिनिटांत म्हणाले, “पुढं घेतलंस की वाजतं, मागं घेतलंस की नाय. गिअर चांगला आहे. त्याचं घर फिरतंय.”

पुढचं सगळं त्या एका प्रश्नातून निघालंय.

चढावर वाजतं, फक्त पुढे जाताना

हे आमचं मूळ दुखणं, म्हणून यावर सगळ्यात जास्त लिहितो.

टेक्निकच्या गिअरचं गणित सोपं आहे. दोन गिअरच्या दात्यांची बेरीज करून निम्मी करा, तेवढे मिलिमीटर त्यांच्या मध्यांत अंतर हवं. ८ आणि २४ म्हणजे १६ मिलिमीटर. बीमची, म्हणजे भोकांच्या पट्टीची, भोकं ८ मिलिमीटरवर असतात, म्हणून ही जोडी बरोबर दोन भोकांच्या अंतरावर बसते. ८ आणि ४० तीन भोकांवर, १६ आणि १६ दोन भोकांवर. आणि दाते एकमेकांत शिरतात ते साधारण २ मिलिमीटर. बस्स, एवढीच पकड. गिअर एका मिलिमीटरने लांब गेला की निम्मी पकड गेली. लोड आला की उरलेली निम्मी एकमेकांवर चढते आणि उडी मारते. तो ‘कट्’ म्हणजे ती उडी. दाता तुटल्याचा आवाज नाही तो. म्हणूनच काढलेले गिअर नव्यासारखे दिसत होते.

आता हा मिलिमीटर येतो कुठून? चाक पुढे फिरवायचं तर अ‍ॅक्सलच्या घराला (गिअर बसतात त्या चौकटीला) तेवढाच जोर उलट बाजूने बसतो. मोठ्या जीपमध्येही हेच होतं. ॲक्सिलरेटर दाबला की मागच्या अ‍ॅक्सलचं नाक, म्हणजे जिथे इंजिनाकडून ताकद आणणारा प्रॉपेलर शाफ्ट घुसतो ते टोक, वर उचलायला बघतं. तिथे ते पाट्यांच्या स्प्रिंग धरून ठेवतात. आमच्या जीपमध्ये अ‍ॅक्सल चॅसीला खालून दोन दांड्यांनी जोडला होता. वरून काहीच नव्हतं. वरचं काम बिचारा युनिव्हर्सल जॉइंट (कोनातूनही फेरा पुढे देणारा दोन काट्यांचा सांधा) करत होता. चढावर लोड आला की नाक वर, घर थोडं तिरकं, आणि बेव्हल गिअर एकमेकांपासून दूर. रिव्हर्सला नाक खाली दाबलं जायचं. खाली टेकायला चॅसीचा एक बीम होता, म्हणून तेव्हा आवाज नाही.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर अ‍ॅक्सलच्या घरावर आणि चॅसीवर समोरासमोर खडूचा एकेक ठिपका द्या. चाकं हाताने घट्ट धरा, मोटर हळू चालू करा आणि मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ घ्या. ठिपके सरकलेले दिसले की आजार सापडला. आमचा ठिपका जवळजवळ अर्ध्या भोकाएवढा वर गेला होता. भाच्याला तो व्हिडिओ इतका आवडला की त्याने आजीला तीनदा दाखवला. ती म्हणाली, “मान टाकतेय रे बिचारी.” मला यापेक्षा नेमकं वर्णन सुचलेलं नाही.

उपाय दोन केले. पहिला म्हणजे वरून तिसरा दुवा. दोन्ही टोकांना गोल खोबण असलेला स्टिअरिंगचा जो लांब दुवा मिळतो, तो अ‍ॅक्सलच्या डोक्यावरून चॅसीला नेला. खालचे दोन दुवे अ‍ॅक्सलला पुढे-मागे जाऊ देत नाहीत, वरचा एक फिरू देत नाही. सस्पेन्शन वर-खाली होतं तसं होतच राहतं. वरचा दुवा खालच्यांशी जमेल तितका समांतर आणि जवळपास तेवढ्याच लांबीचा ठेवा. आखूड ठेवलात तर खड्ड्यात चाक खाली गेलं की नाकाचा कोन बदलेल आणि नवीन दुखणं मागे लागेल. आम्ही पहिल्यांदा आखूडच लावला होता, ते जाऊ दे.

दुसरा उपाय घराचाच. आमचं घर तीन बाजूंनी बंद आणि एका बाजूने उघडं होतं, इंग्रजी यू अक्षरासारखं. दिसायला दणकट, पण अंगठ्याने दाबलं की तोंड उघडायचं. ते मोडून चौकटीचा बीम घेतला, पाच बाय सातचा, आणि दोन्ही बेव्हल त्या चौकटीच्या आत कोंडले. नियम असा धरा की काटकोनात भेटणाऱ्या दोन गिअरच्या दांड्या एकाच अखंड तुकड्यात बसल्या पाहिजेत. दोन वेगवेगळ्या बीममध्ये बसवून ते बीम पिनांनी जोडले असतील तर आज ना उद्या तिथेच वाजणार. पिन कितीही काळी आणि घट्ट असो.

आणि पिनांचंही बघून घ्या. काळी पिन अडकून बसणारी, फिकट पिवळट किंवा करडी पिन मोकळी फिरणारी. जिथे हलायला हवं तिथे काळी लावलीत तर सस्पेन्शन आखडतं, एक चाक अधांतरी राहतं आणि बाकीच्यांवर लोड येतो. जिथे हलायला नको तिथे मोकळी लावलीत तर घर खुळखुळतं. भाच्याने रंग जुळावा म्हणून नेमकं उलट केलं होतं. रंगाची आवड वाईट नाही, पण पोटात नको.

चढावर वाजतं, पुढेही आणि मागेही

दोन्हीकडे वाजत असेल तर घर फिरत नाही, दांडी सरकतेय. बेव्हल गिअर फिरताना एकमेकांना दांडीच्या दिशेने बाहेर ढकलत असतात, मग फिरणं कुठल्याही दिशेचं असो. दांडीला मागून अडवणारं काही नसेल तर ती दर चढावर केसभर सरकते. आठ दिवसांत मिलिमीटर पुरा होतो. आपण उघडून परत बसवतो तेव्हा नकळत दांडी आत दाबतो, म्हणून ‘गिअर बदलल्यावर आठ दिवस बरं चालतं’. आमच्या आठ दिवसांचं अर्धं कारण हेच होतं.

यावर औषध म्हणजे एका टोकाला टोपी असलेली दांडी, टोपी आतल्या बाजूला. ती नसेल तर बुश (दांडीवर घालायच्या छोट्या कड्या) आणि अर्धे बुश घालून फटी भरा. फट किती चालेल? गिअर आणि बीम यांच्यामध्ये पोस्टकार्ड जायला नको, साधा कागद जायला हवा. कागदही जात नसेल तर घासायला लागतं आणि मोटर उगाच गरम होते.

ऑनलाइन स्वस्तात मिळणारे ‘चालतात त्यावर’ म्हणून विकलेले गिअर आमच्याकडेही आले होते. एक सोपी परीक्षा आहे. गिअर दांडीवर घाला आणि दांडी उभी धरा. आपोआप घसरून खाली आला तर तो लोडच्या जागी नको, शोभेला वापरा.

फळी, हापूस आणि थोडी आकडेमोड

चाचणीचा चढ दरवेळी वेगळा असेल तर सुधारलं की बिघडलं ते कळत नाही. फळीच्या लांबीच्या बरोबर निम्म्या उंचीवर तिचं टोक टेकवा, ३० अंशांचा चढ होतो. आमची फळी दीड हाताची, उंचीला जांभ्याचे चिरे आणि वर पुस्तकं. पाखाडीवर थेट नेऊ नका. पाखाडीची पायरी जीपच्या चाकापेक्षा उंच, तिथे जीप नुसती तोंड आपटते.

वजन वाढवायला भाच्याने मागच्या हौद्यात हापूस ठेवले. एक आंबा साधारण पाव किलोचा. रिकामी जीप चढून जायची, एक आंबा ठेवला की कुरकुरायची, दोन ठेवले की कटकट. चाचणीचं याहून सोयीचं वजन कोकणात मे महिन्यात दुसरं नाही, आणि चाचणी संपली की खाता येतं.

आता आकडे. १.३ किलोची जीप ३० अंशांवर चढवायची तर तिला वर ढकलायला साधारण ६.४ न्यूटन जोर लागतो. चाकाची त्रिज्या ४.१ सेंटिमीटर, म्हणजे चाकांवर मिळून २६ न्यूटन-सेंटिमीटर पीळ (टॉर्क) हवा. दोन आंब्यांसकट ३६. प्लास्टिकच्या गिअरांत घासण्यात जातं ते वेगळं. एक्सएल मोटर ९ व्होल्टवर पूर्ण अडवली तर ४० च्या आसपास देते, पण अडवलेली मोटर म्हणजे हीटर. काम करून घ्यायचं तर तिच्या निम्म्याहून कमी मागावं. म्हणून ३:१ ची घट, म्हणजे ८ दात्यांनी २४ ला फिरवणं, आम्ही घेतली होती ते बरोबर होतं. चूक तिच्या जागेत होती.

आम्ही ती घट मोटरच्या तोंडाशीच केली होती. म्हणजे तिथून पुढे शाफ्ट, युनिव्हर्सल जॉइंट, बेव्हल, सगळ्यांवर तिप्पट झालेला पीळ. एखादं चाक सोडणाखाली अडकलं (नारळाची सोडणं हाच आमचा डोंगराळ प्रदेश), की मोटर थांबेपर्यंत १२० चा पीळ त्या इवल्याशा जॉइंटमधून जाणार. तीच घट चाकाच्या हबात, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, केली तर शाफ्टवर जास्तीत जास्त ४०, आणि तिप्पट होतं ते अगदी शेवटी, चाकाजवळ. मोटर तीच, गिअर तेच, ताकद तीच. फक्त ताण सोसणारा भाग बदलला.

यासाठी पोर्टल हब वापरतात. खऱ्या युनिमॉग ट्रकमध्ये असतो तसा, आणि २०११ साली आलेल्या लेगोच्या युनिमॉगमध्येही आहे. आत ८ आणि २४ बसवले की अ‍ॅक्सल चाकाच्या मध्यापासून १६ मिलिमीटर वर जातो, म्हणजे पोटाखाली तेवढी जागा फुकट. आमच्याकडे हब पुढच्या चाकांपुरतेच होते. मागचे साध्या बीमांतून बनवले. ते दिसायला ओबडधोबड आहेत, पण आंबेवाल्या काकांची जीप तरी कुठे देखणी आहे.

हे करायच्या आधी जुन्या दांड्या तपासा. काचेवर ठेवून लोळवा, किंवा उजेडाकडे धरून तिच्या अधिक-चिन्हासारख्या आकाराच्या कडा बघा. कडा सरळ न जाता गोल जिन्यासारख्या वळत असतील तर ती दांडी पिळलेली आहे. फेकून द्या. आम्हाला अशा दोन सापडल्या, दोन्ही सगळ्यात लांबच्या. तेवढ्याच पिळाला लांब दांडी जास्त वळते, म्हणून जमेल तिथे आखूड वापरा.

एक इशारा. पांढुरक्या २४ दात्यांच्या एका गिअरवर ‘२.५’ आणि ‘५’ असे आकडे कोरलेले असतात. तो क्लच गिअर. ठरलेल्या पिळापलीकडे त्याने मुद्दामच घसरायचं असतं, म्हणजे फार तर ५ न्यूटन-सेंटिमीटर. स्टिअरिंगला उत्तम. पळवायच्या मार्गात चुकून बसला असेल तर पुढे ३:१ ची घट असूनही चाकावर १५ च पोचतील आणि तुम्ही नसलेला बिघाड महिनाभर शोधाल.

वळताना वाजतं

इथे जमीन बघा. लादीवर वाजतं आणि वाळूत वाजत नाही, तर काही बिघडलेलं नाही. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा रस्ता कापतात, बाहेरची आतल्यांपेक्षा. डिफरन्शियल नसेल तर हा फरक टायर घसरून भरून काढतो. वाळूत घसरतो, लादीवर चिकटतो, आणि शाफ्टमध्ये पीळ साठत जाऊन शेवटी कुठेतरी दाता सुटतो. जुन्या जीपवाल्यांना हे पाठ असतं. चिखलातून बाहेर आल्यावर सुक्या डांबरावर फोर-बाय-फोर काढतात ते याचसाठी. पुढे-मागे वेगळ्या मापाचे टायर असतील तर सरळ जातानाही हेच होईल, ते मात्र बदला.

आवाज तालात येत असेल, शाफ्टच्या एका फेऱ्यात दोनदा, तर युनिव्हर्सल जॉइंट बघा. ३० अंशांच्या कोनात एकटा जॉइंट पुढच्या दांडीला एकसारखा फिरवत नाही. एका फेऱ्यात दोनदा १५ टक्के जलद, दोनदा १३ टक्के संथ. शाफ्टच्या दोन टोकांना दोन जॉइंट असतील तर मधल्या दांडीवरचे दोघांचे काटे एकाच पातळीत हवेत, म्हणजे एकाची खोड दुसरा काढतो. काटकोनात बसले तर दोघांच्या खोडी एकत्र होतात. उपाय म्हणजे दांडी काढून पाव फेरा फिरवून परत घालणं. अर्ध्या मिनिटाचं काम.

लोड नसतानाही वाजतं

ही वाळू. किनाऱ्यावरचे असाल तर हे तुमच्या वाट्याला येणारच.

इथे मोजणी कामाला येते. जीप उलटी धरा, टायरला एका जागी खडूची खूण करा, चाक हाताने सावकाश फिरवा. चाकाच्या एका फेऱ्यात एकदाच ‘टक्’ होत असेल तर कण २४ दात्यांच्या गिअरमध्ये आहे, कारण तो चाकाबरोबर फिरतो. तीनदा होत असेल तर ८ दात्यांच्या गिअरमध्ये. अख्खी जीप न उघडता नेमका भाग कळतो. आमच्या जीपला एकदा तीनदा वाजत होतं, डाव्या मागच्या चाकात. उघडलं तर आठातल्या एका दात्याच्या बुडाशी तिळाच्या अर्ध्याएवढा चकचकीत काळा कण रुतलेला. सुईने काढला, आवाज बंद.

काळा कण आला कुठून ते रत्नागिरीकरांना सांगायला नको. आमच्याकडे पांढरा समुद्र आणि काळा समुद्र अशी दोन नावंच आहेत. मांडवीची वाळू काळी. मिऱ्या, काळबादेवी या बाजूच्या वाळूत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट ही जड, लोहयुक्त खनिजं असतात. पैकी मॅग्नेटाइट लोहचुंबकाला पटकन चिकटतं. आणि जीपच्या मोटरमध्ये असतो कायमचा चुंबक! भाट्याच्या किनाऱ्यावरच्या वाळूत फिरवून आणलं तर एवढा त्रास होत नाही. मांडवीहून आणलं की मोटरच्या तोंडाशी काळी मिशी फुटलेली.

पण याचाच उलटा फायदाही घेता येतो. जुन्या स्पीकरचा चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि गिअरांवरून फिरवा. काळे कण पिशवीला चिकटतात. पिशवी उलटी करून चुंबक बाजूला काढला की कण पिशवीत राहतात. सगळे निघत नाहीत, बरेचसे निघतात. उरलेले आणि पांढरी वाळू रंगाच्या कोरड्या ब्रशने. फुंकर नको, तोंडातली वाफ जाते आणि कण अजून चिकटतात.

खोबरेल घालू नका. सगळ्यांना सुचतं, मलाही सुचलं होतं. तेलाला वाळू चिकटते आणि घासायची पेस्ट तयार होते. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश काढायचं पाणी तर लांबच ठेवा. विटा एबीएस प्लास्टिकच्या, थिनर आणि नेलपॉलिशच्या पाण्याने विरघळतात. टेक्निकचे गिअर कोरडेच चालायला बनवलेत. धुवायचं तर मोटर, सेलचा डबा आणि वायरीवाले भाग बाजूला काढून बाकीचे कोमट पाण्यात, ४० अंशांच्या आत, साबणाच्या दोन थेंबांनी. खाऱ्या पाण्यात गेलेले भाग गोड्या पाण्यातून दोनदा काढा. सुकवायला सावलीत, पंख्याखाली. मे महिन्यातलं अंगण नको.

आणि जे कटकट नाहीच

चढावर आवाज न करता जीप नुसतीच मेली, दोन मिनिटांनी आपोआप जिवंत झाली, तर ते संरक्षण आहे. फार करंट ओढला की आतला भाग गरम होऊन पुरवठा तोडतो आणि थंड झाला की जोडतो. वारंवार होत असेल तर लोड कमी करा. चार्ज होणारे सेल वापरत असाल तर सहांचे मिळून ७.२ व्होल्टच होतात, ९ नाही. तेव्हा वर लिहिलेले आकडेही तेवढे खाली उतरवा.

पावसाळ्यात सेल डब्यात ठेवून विसरलात तर स्प्रिंगवर हिरवट-पांढरा थर येतो. सेल फुटून आलेला असेल तर कापसाच्या काडीवर व्हिनेगर, मग ओलं फडकं, मग पूर्ण कोरडं. आमच्या आईने आमसूल सुचवलं होतं. तांब्याच्या घागरीला ठीक आहे, पण घरच्या आमसुलाला मीठ असतं, आणि मीठ तर इथल्या हवेतच भरपूर आहे.

आणि किनाऱ्यावर भर दुपारी रिमोट चालेना म्हणून जीप उघडू नका. जुना रिमोट इन्फ्रारेडवर चालतो, उन्हात त्याचा इशारा बुडून जातो. रिसीव्हरवर हाताची सावली धरा. चाललं तर बिघाड वर आकाशात आहे. आम्ही आता सूर्य टेकल्यावरच जातो.

सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात, वरचा दुवा, बंद चौकट, टोपीवाल्या दांड्या आणि हबातली घट एवढं झाल्यावर फळी लावली. एक आंबा, चढली. दोन, चढली. तिसऱ्याला ती मागे कलंडली, चारही चाकं हवेत, पण कटकट नाही. गॅरेजवाल्या काकांना व्हिडिओ दाखवला. त्यांनी पूर्ण बघितला आणि म्हणाले, “आंबे पुढं ठेव.”

लादीवर वळताना ती अजून एकदा ‘कट्’ करते. ते तसंच ठेवलंय.